तंत्रस्नेही सर

तंत्रस्नेही सरांची पहिली भेट प्रत्यक्षात होत नाही, यूट्यूबवर होते. आधी पृथ्वी गरागरा फिरत येते. ती फुटते, तिच्यातून ज्वाळा निघतात आणि ज्वाळांतून सरांचं नाव बाहेर पडतं. नावामागे एम.ए., बी.एड., डी.एस.एम. अशी शेपटी उलगडते, मग शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा. ढोल-ताशा थांबला की सर स्वतः अवतरतात. ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो! चॅनेलवर नवीन असाल तर आधी सबस्क्राइब करा आणि शेजारची घंटी दाबायला विसरू नका.’ घंटी कशी दाबायची ते सर दोनदा सांगतात, संख्येचं विस्तारित रूप एकदाच. ते सांगून होईतो ‘धन्यवाद’ येतं आणि पृथ्वी पुन्हा फिरू लागते. कोपऱ्यात मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मेड विथ काईनमास्टर’ ही अक्षरं ठाण मांडून असतात. त्यामुळे तिसरीतल्या बऱ्याच मुलांची समजूत अशी आहे की काईनमास्टर हे बदलीने आलेले कुणी नवे मास्तर असून ते अद्याप शाळेत हजर झालेले नाहीत.

सर जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहेत. पहिली-दुसरी मुख्याध्यापक बाईंकडे, तिसरी-चौथी सरांकडे. गाव मराठवाड्याच्या कडेला. एसटी मुक्कामाला येते, नेटवर्क येत नाही. गावात भरवशाचं इंटरनेट फक्त एका ठिकाणी सापडतं, ते म्हणजे पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर. संध्याकाळी एक माणूस टाकीवर उभा राहून मोबाइल आभाळाकडे धरताना दिसला तर नवखा माणूस घाबरतो. गावकरी शांतपणे सांगतात, ‘काही नाही, गुरुजी अपलोड करतायत.’

सरांच्या खांद्याला कायम काळी बॅग असते. तीत लॅपटॉप, दोन पॉवर बँक, तीन पेन ड्राइव्ह, एचडीएमआयची केबल, ती चालली नाही तर व्हीजीएची केबल, तीही चालली नाही तर दोन्हींना जोडणारं बोंडूक, एक्स्टेंशन बोर्ड, टेस्टर आणि इन्सुलेशन टेप. खडू नसतो. खडू लागलाच तर सर एखाद्या मुलाला बाईंच्या वर्गात पाठवतात आणि बाई तो देताना एवढंच विचारतात, ‘लाइट गेली का रे?’

महाराष्ट्रात अशी माणसं एकाएकी उगवली नाहीत. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने शाळांना दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एक फळा देण्याचं ठरवलं, तेव्हा फळा हीच नवलाई होती. मग २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये मुलं फरशीवर आखलेल्या गोलांत बसून स्वतःच गणित शिकतात, हे पाहायला राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक गेले. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा टॅब आणि सौर ऊर्जेमुळे गाजली, तिकडेही गेले. सर दोन्हीकडे जाऊन आले. कुमठ्याहून येताना त्यांनी फरशीचे फोटो आणले आणि पष्टेपाड्याहून प्रोजेक्टरचं स्वप्न. फरशी गावच्या पेंटरने रंगवून दिली. प्रोजेक्टरसाठी सरांनी लोकवर्गणी काढली. जत्रेची शिल्लक, पुण्याला कंपनीत लागलेल्या पोरांचे पैसे, सरपंचांचे पाच हजार (हे आकडा मोठ्याने जाहीर केल्यानंतर दोन वर्षांनी आले) आणि उरलेले सरांच्या पगारातून. प्रोजेक्टर आला, त्याची ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघाली, बायकांनी ओवाळलं. पुढच्याच महिन्यात थकलेल्या बिलापायी वायरमन शाळेची वीज तोडून गेला. तेव्हापासून प्रोजेक्टर लेकीच्या लग्नातल्या पैठणीसारखा मऊ कापडात गुंडाळून कपाटात असतो आणि अधिकारी यायचे असले की शेजारच्या किराणा दुकानातून वायर ओढून बाहेर निघतो. रंगवलेल्या फरशीवरच्या शंभरपर्यंतच्या गोलांमध्ये आता सरांचा ट्रायपॉड उभा असतो. त्याचा एक पाय सदतीसवर, एक अठ्ठेचाळीसवर आणि एक एकोणसाठवर. मुलांना हे तीन आकडे कधीच चुकत नाहीत.

२०१७ साली ‘दीक्षा’ ॲप आलं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले आणि सरांना क्यूआर लागला. पुढे २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलर्सचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. कारणांत पुस्तकांतल्या क्यूआर कोडचं नाव निघालं. त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हा भाग सरांना वाचायला सवड झाली नाही. सरांनी रातोरात प्रिंट काढल्या. कडुनिंबाला क्यूआर लावला, हातपंपाला लावला, खिचडीच्या पातेल्याला लावला. कडुनिंबाचा स्कॅन केला की ‘कडुनिंब हा एक वृक्ष आहे’ असं सांगणारा सरांचा आवाज येई. मुलं त्याच झाडावर चढून तो आवाज ऐकत. फाटकावरचा कोड पाहून एक म्हातारी थबकली आणि नातवाला म्हणाली, ‘शाळेची बी फी सुरू झाली म्हन की रं.’ दुसऱ्या एका गृहस्थांनी त्यावर एकशे एक रुपये पाठवायचा खूप प्रयत्न केला. पैसे जाईनात, उलट सरच बोलू लागले आणि घंटी दाबायला सांगू लागले.

हिरवा पडदा ही त्यांची पुढची पायरी. बाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्यापुढे उभं राहायचं आणि मागे मोबाइलमधून हवं ते घालायचं, हिमालय, संसद भवन, चंद्र. ‘आपले शरीर’ या पाठाच्या दिवशी सर नेमके हिरवा शर्ट घालून आले. व्हिडिओत सरांचं मुंडकं आणि दोन हात अवकाशात तरंगत होते आणि मुंडकं सांगत होतं, ‘हे आपले पोट.’ पोटाच्या जागी शनी होता, कड्यांसकट. सरांना तो व्हिडिओ काढून टाकायचा होता, पण तोवर त्याला आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लाइक आले होते. तंत्रस्नेही माणूस लाइकपुढे हतबल असतो. तो व्हिडिओ अजून आहे.

टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं सरकार म्हणालं आणि सर बहरले. रोज एक गुगल फॉर्म. दहा प्रश्न, चार पर्याय, चाळीस टक्के मिळाले की ई-प्रमाणपत्र, वर झेंडा, खाली सरांची सही. चौकट कॅनव्हावर केलेली, सोनेरी. मुलांचे फोन बापांबरोबर शेतात असत, त्यामुळे परीक्षा कोण देई ते सांगवत नाही. एका विद्यार्थ्याच्या आजोबांकडे चौथीच्या परिसर अभ्यासाची अकरा प्रमाणपत्रं आहेत. त्यांनी ती फ्रेम करून विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी लावली आहेत आणि ग्रामसभेत हल्ली ते अधिकाराने बोलतात.

हे सगळं वाचून सर नुसते हौशी आहेत असं कुणी समजू नये. हौशीचा वेळ त्यांना मिळतोच कुठे? दिवसाचा मोठा वाटा जातो माहिती भरण्यात. सरल, यू-डायस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची संख्या आणि अचानक येणारं ते सुप्रसिद्ध वाक्य: ‘सोबतच्या तक्त्यातील माहिती आजच दुपारी दोनपर्यंत एक्सेलमध्ये सादर करावी.’ हे वाक्य पावणेदोनला येतं. केंद्रातल्या साऱ्या शाळांचे गुरुजी मग सरांना फोन लावतात. ‘सर, पासवर्ड विसरलो.’ ‘सर, ओटीपी दुसऱ्याच्या नंबरवर जातोय, तो माणूस रिटायर झाला.’ ‘सर, अक्षरांचे चौकोन झालेत.’ सर्वांचे पासवर्ड सरांकडे एका दोनशेपानी वहीत आहेत. ते सगळे एकाच साच्याचे आहेत, शाळेचं नाव आणि पुढे एकदोनतीन, तरी वही आहे. एखाद्या मुलाचं आधार जुळलं नाही तर ते मूल संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, धरत नाहीत. समोर बसून नाक ओढणारं, पाढे म्हणणारं, शेजारच्याला चिमटे काढणारं मूल पोर्टलच्या मते अजून सिद्ध व्हायचं असतं. त्याला सिद्ध करण्यासाठी सर त्याला मोटारसायकलवर घालून तालुक्याला नेतात, बोटांचे ठसे उमटेपर्यंत थांबतात आणि येताना भजी खाऊ घालतात. ही भजी कुठल्याही तक्त्यात येत नाहीत. रिचार्ज पदरचा, प्रिंट पदरच्या आणि प्रोजेक्टरसाठी खिडक्यांना लावलेल्या चादरी घरच्या. ‘पाहुणे आले की मी त्यांना काय पांघरायला देऊ, दीक्षा ॲप?’ असं सरांच्या पत्नी विचारतात. पण त्या चादरींनी एक काम केलं. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर वाघ चालताना पाहून गावातली दोन मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून उतरली ती परत चढलीच नाहीत. पटावर दोन वाढले, एक शिक्षकपद वाचलं. बाईंना हे ठाऊक आहे, म्हणून त्या खडू देताना त्याहून जास्त काही बोलत नाहीत.

मग सर ‘कोडिंग’ शिकून आले. १९६७ साली पुण्यात बालभारती स्थापन झाली, त्याच वर्षी अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पेपर्ट यांचं म्हणणं साधं होतं. संगणकाने मुलाला चालवायचं नाही, मुलाने संगणकाला चालवायचं. त्याच घराण्यातलं पुढचं अपत्य म्हणजे ‘स्क्रॅच’. एमआयटीने ते २००७ साली जगाला फुकट दिलं. त्यात एक नारिंगी मांजर असतं आणि रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की ते चालतं, बोलतं, नाचतं. सरांनी किराणा दुकानातून वायर ओढली, चादरी लावल्या आणि मांजर भिंतीवर आणलं. सरांनी ठोकळे जोडले, मांजर उजवीकडे गेलं. टाळ्या. डावीकडे गेलं. टाळ्या. एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, याच्यापुढं उंदीर ठेवू का मी?’ सर म्हणाले, ‘हात लावू नको, बिघडेल.’ ‘मग मांजराला म्याव म्हणायला लावू?’ ‘आज आपलं उद्दिष्ट फक्त हालचाल आहे.’ तास सुंदर झाला. फोटोत सर मांजराकडे बोट दाखवत आहेत, मांजर सरांकडे पाहतं आहे आणि खाली ओळीत मुलांची डोकी आहेत, मागून घेतलेली. सरांच्या सगळ्या डिजिटल उपक्रमांच्या फोटोंत मुलांची डोकी मागूनच दिसतात.

इथे बाईंबद्दल सांगायला हवं. बाईंना तंत्रातलं काहीही कळत नाही आणि याची त्यांना लाज वाटत नाही. त्यांच्या वर्गात चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, बांगडीचे तुकडे आणि भरपूर गोंगाट असतो. मूल काही विचारायला आलं की त्या त्यालाच विचारतात, ‘तुला काय वाटतं?’ ही पद्धत आहे की आळस, यावर केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकमत झालेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सरांना तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावणं आलं. विषय: ‘अध्यापनात डिजिटल साधनांद्वारे सर्जनशीलतेचा विकास’. तिथे एक साहेब पडद्यावरचं वाचून दाखवत होते आणि समोरचे शिक्षक तेच वहीत उतरवून घेत होते. इकडे चारही वर्ग बाईंकडे आले. चौथीची मुलं म्हणाली, ‘बाई, कपाटातला टॅब द्या ना.’ सरांनी त्यावर चिठ्ठी लावली होती, ‘हाताळू नये’. कपाटाची किल्ली बाईंकडे. काच आधीच तडकलेली. बाई पहिलीच्या एका मुलाची चड्डी बदलत होत्या. म्हणाल्या, ‘घ्या. मला त्यातलं काही समजत नाही, तुमचं तुम्ही बघा. आणि मातीचे हात लावू नका.’

हात मातीचेच होते, कारण पोळ्याचे बैल चालू होते. सरांनी एका स्पर्धेसाठी टॅबवर एकेक फोटो जोडून चित्रपट करणारं ॲप घालून ठेवलं होतं. स्पर्धेची मुदत टळली, ॲप राहिलं. उंदीरवाल्या मुलीने सगळी चित्रं एकेक करून दाबून पाहिली आणि ते सापडवलं. बैलाचा फोटो काढला, बैल थोडा सरकवला, पुन्हा फोटो. पाच फोटोंचा बैल एका क्षणात उडी मारून खोलीबाहेर गेला. सगळे हसले. मग भांडण झालं, बैल चालला पाहिजे, उडायला तो काय बेडूक आहे? फोटो वाढवले, सरकवणं कमी केलं. एका सेकंदाला बारा फोटो घेतले की बैल ऐटीत चालतो, असं निघालं. म्हणजे दहा सेकंदांना किती? फळ्यावर एक मुलगा पाचापाचाचे गठ्ठे मारत बसला. बाराचा पाढा पाठ नाही म्हणून रोज कोपऱ्यात उभा राहणारा हाच मुलगा. एकशेवीसच्या पुढे त्याने बाराचा नाद सोडला आणि एकशेवीसचाच पाढा सुरू केला.

तेवढ्यात एका बैलाचा पाय मोडला. पोरं रडवेली झाली. बाईंनी लांबूनच विचारलं, ‘आता हा मिरवणुकीत जाणार की नाही? का?’ मग गोष्ट लिहावी लागली. मोडक्या पायाच्या बैलाला वेशीतल्या तोरणाखाली कुणी घेत नाही, म्हणून तो एकटाच निघतो आणि सगळ्यांच्या आधी मारुतीच्या पारावर पोचतो. लंगडणं कसं दाखवायचं यावर एक अख्खी दुपार गेली. गल्लीतल्या एका लंगड्या कुत्र्याच्या मागे दोघे फिरून आले आणि सांगितलं, तो एकदा लांब टाकतो, एकदा जवळ. तसे फोटो घेतले. घुंगरांचा आवाज बाईंच्या किल्ल्यांच्या जुडग्याचा. टॅब हलू नये म्हणून तो पालथ्या पायलीवर ठेवला, पोषण आहाराच्या तांदळाच्या. मारुतीचं काम पहिलीतल्या एका मुलाने केलं. त्याला फक्त हलू नको असं सांगितलं होतं आणि तो तासभर हलला नाही, ही शाळेच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

सर परत आले. मुलांनी चित्रपट दाखवला. वीसेक सेकंदांचा. कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, एका ठिकाणी शेळी. सर आधी शिक्षक म्हणून हसले आणि लगेच तंत्रस्नेही म्हणून कामाला लागले. संध्याकाळी टाकीवर बसून त्यांनी अंगठा कापला, शेळी पुसली, ढोल-ताशा घातला, पुढे पृथ्वी फिरवली. सकाळी मुलांना दाखवला. पृथ्वी फुटली, ज्वाळा निघाल्या, नाव, शेपटी, केंद्र, तालुका, जिल्हा. उंदीरवाली मुलगी म्हणाली, ‘सर, बैल कवा येतो?’ बैल आला, मारुतीपाशी पोचला, संपलं. ‘सर, शेळी कुठं गेली? ती मिरवणूक बघाया आली हुती.’ आणि दुसरा म्हणाला, ‘घुंगरंच ऐकू येईनात.’ त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. खालच्या वर्गातल्या मुलाला सांभाळून घ्यावं तशा आवाजात म्हटलं. मग त्यांनी सरांना पायलीपाशी बसवलं आणि दाखवलं, बैल किती सरकवायचा. सरांनी जास्त सरकवला. ‘सर, तुम्ही घाई करता,’ मुलगी म्हणाली. सरांनी पुन्हा सरकवला. त्या दिवशी शाळेचा एकही फोटो केंद्राच्या ग्रुपवर आला नाही, तेव्हा केंद्रप्रमुखांनी सर आजारी आहेत का म्हणून चौकशी केली.

तिसऱ्या दिवशी मूळ चित्रपट, अंगठा आणि शेळीसकट, ग्रुपवर गेला. खूप अंगठे आले. पावणेदोनला केंद्रप्रमुखांचा संदेश आला: ‘स्तुत्य उपक्रम. याची माहिती सोबतच्या विहित तक्त्यात आजच दुपारी दोनपर्यंत सादर करावी.’ सरांनी तक्ता उघडला. शाळेचं नाव, यू-डायस क्रमांक, वापरलेलं साधन, उपक्रमशील शिक्षकाचं नाव. मुलांच्या नावाला रकानाच नव्हता. शिक्षकाच्या चौकटीत सरांनी नऊ मुलांची नावं कोंबून पाहिली. तक्ता म्हणाला, ‘अवैध नोंद’. आजवर कुठल्याही तक्त्यापुढे न हरलेला हा माणूस काही क्षण थांबला. मग त्याने दोनशेपानी वही काढली, तालुक्याच्या त्या सामाईक तक्त्याचं कुलूप उघडलं, मधोमध एक नवा रकाना घातला, ‘करणारे विद्यार्थी’ असं वर लिहिलं आणि नऊ नावं भरून पाठवून दिली.

संध्याकाळी कार्यालयातून फोन आला. तालुक्याच्या सगळ्या शाळांची माहिती एकेक घर सरकली होती. पटसंख्या दूरध्वनी क्रमांकात गेली होती, तीन मुख्याध्यापकांची जन्मतारीख शौचालयांच्या संख्येत पडली होती आणि शिल्लक तांदळाच्या रकान्यात सरांच्या चौथीतल्या मुलींची नावं आली होती. दुसऱ्या दिवशी सर्व शाळांना पत्र निघालं: ‘विहित तक्त्यात परस्पर रकाने वाढवू नयेत. वाढवल्यास संबंधितास जबाबदार धरण्यात येईल.’

सरांनी त्याची रंगीत प्रिंट काढली, पदरच्या पैशाने लॅमिनेट केली आणि प्रशस्तिपत्रांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावली.